आधी हवा काढा

मस्कतच्या रुवी भागातल्या एका गॅरेजात मी गेले ती एका आकड्यासाठी. तिथली काही मराठी मंडळी दक्षिणेला अल खलूफच्या किनाऱ्यावर मुक्कामाला निघाली होती. त्यांच्यातलं कुणीतरी फोनवर म्हणालं, "काकांनी पंधरा सांगितलंय. पंधरा म्हणजे पंधरा."

काका मूळचे गुहागरचे, इथे फोरमन. डांबरी रस्त्यावर पस्तीस पीएसआयच्या आसपास असणारी टायरमधली हवा वाळूत उतरण्याआधी पंधरावर आणायची, हे त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला लावलं. व्हॉल्व्हची पिन दाबली की फुस्स करून कोंडलेल्या रबराचा उग्र वास यायचा. टायर बसतो, लांबट पसरतो, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि चाक खड्डा न खणता वरून चालतं. पण पंधरावर झटक्यात वळलात तर टायर रिमवरून सुटतो आणि परतताना तशीच गाडी डांबरावर पळवलीत तर तापून फाटतो. म्हणून कंप्रेसर आधी गाडीत, मग तंबू.

पाणी, फावडी, दोर, विकतचं सरपण (घाफच्या झाडाच्या फांदीला हात लावायचा नाही) आणि वाटेत महूतला टाकी फुल्ल, एवढं पटकन ठरलं.

वेळ गेला तो सबखावर. अल खलूफजवळच्या बार अल हिकमानचा तो खारट सपाट पट्टा वरून फरशीसारखा टणक दिसतो. मिठाच्या पापुद्र्याखाली मात्र ओला गाळ असतो आणि गाडी त्यात थेट पोटावर बसते. तिथे हवा कितीही काढा, उपयोग नाही. एका तरुणाला हिवाळी पक्ष्यांचे थवे बघायला तो पट्टा ओलांडून पाण्यापर्यंत जायचं होतं. "जुन्या चाकोरीबाहेर एक चाक घालायचं नाही, आणि दुसरी गाडी मागे नसेल तर चाकोरीतही नाही," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात अजिबात धाक नव्हता, काळजी होती. ती मला फार मोलाची वाटली.

मग त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. भरती-ओहोटीच्या वेळा ओमानच्या तक्त्यातून घ्यायच्या, पण तिथी इथून. ठरलेला शुक्रवार अमावास्येला लागून होता. उधाणाच्या ओहोटीला पुळण रुंद आणि घट्ट मिळते, गाडी चालवायला उत्तम. पण तेच पाणी रात्री सगळ्यात वर चढतं आणि मागे वाळूच्या टेकड्या असल्या तर निघायला वाट राहत नाही. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पुळण अरुंद, पण पाणी आवरतं. मुलंबाळं बरोबर असताना काकांना अष्टमीच हवी होती.

"काका, रजा मंजूर झाल्यात हो सगळ्यांच्या."

"मग उद्या परत अर्ज द्या. समुद्र काय तुमच्या साहेबाला विचारून चढणार आहे?"

थोडी कुरकुर झाली. तारीख आठवड्याने पुढे गेली.