निकेलचा लाल स्फटिक

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसलेल्या बीएस्सीच्या मुलामुलींना हा रंग विसरता येत नाही. निकेलच्या फिकट हिरव्या, गरम द्रावणात डायमिथाइलग्लायॉक्झीम घालायचे, वर अमोनियाचे थेंब सोडायचे, की चोखंदळ डोळ्यालाही भुलवणारा गडद गुलाबी-लाल साका खाली बसतो. रशियन रसायनतज्ज्ञ लेव चुगायेव यांनी ही अभिक्रिया १९०५ साली मांडली.

या लालीमागची रचना १९५३ मध्ये गॉडिकी आणि रंडल यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. डायमिथाइलग्लायॉक्झीमचे दोन रेणू समोरासमोर येऊन निकेलच्या अणूला धरतात. प्रत्येकाच्या दोन नायट्रोजनांची पकड म्हणजे जणू खेकड्याच्या नांग्या. अशा संयुगांचे ‘कीलेट’ हे नावही नांगीच्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे. चारही नायट्रोजन निकेलभोवती एकाच सपाट चौकोनात बसतात. शिवाय दोन्ही रेणूंच्या ऑक्सिजनांमध्ये हायड्रोजनचे बंध तयार होतात आणि पकडीला दोन्ही बाजूंनी कड्या लागतात. पाण्याला धरायला फारसे काही उरत नाही, म्हणून साका विरघळत नाही.

खरी गंमत पुढे आहे. या संयुगाचे सपाट रेणू भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचले जातात, प्रत्येक रेणू खालच्यापेक्षा ९० अंशांनी वळलेला. त्यामुळे निकेलचे अणू सरळ रांगेत येतात, एकमेकांपासून सुमारे ०.३२५ नॅनोमीटरवर. घन अवस्थेतला तो लाल रंग या शेजाराशी जोडलेला आहे. क्लोरोफॉर्ममध्ये हे संयुग थोडे विरघळले, की चवड मोडते आणि द्रावण पिवळसर दिसते.