परक्याच्या ताब्यातील देह

मेलेला देह उठून चालू लागतो, ही कल्पना मानवाला फार प्राचीन काळापासून भिववीत आली आहे. वेताळपंचविशीतील प्रेत विक्रमराजाला गोष्टी सांगते आणि कूट प्रश्न घालते. पण बोलणारे ते प्रेत नव्हे, त्यात शिरलेला वेताळ होय. त्या वेताळाला बुद्धी आहे, विनोद आहे, आणि अखेर राजाचे हित साधण्याची इच्छाही आहे. विसाव्या शतकात या कल्पनेला जो एक अवतार लाभला, त्यात मात्र यांपैकी काहीच उरले नाही.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. मेजाभोवती जमलेल्यांपैकी एकाने कथानक चालवावयाचे, इतरांनी योद्धा, मांत्रिक अशा भूमिका घ्यावयाच्या आणि पराक्रमाचा निकाल फाशांवर सोपवावयाचा, अशी त्याची रीत आहे. या खेळासाठी १९८१ साली निघालेल्या ‘फीन्ड फोलिओ’ या राक्षससंग्रहात ‘कायूसचे पुत्र’ नावाची एक जात वर्णिली आहे. ही चालती प्रेतेच. परंतु त्यांच्या कवटीतून हिरवे किडे वळवळत असतात. एखादा किडा जवळच्या माणसावर झेप घेतो, कातडी भेदून मेंदूकडे निघतो, आणि तेथे पोचताच तो माणूस मरून त्याच जातीत सामील होतो. किडा वाटेतच मारला, तर माणूस वाचतो. या प्रसंगाची खरी रंगत त्या मधल्या मोजक्या क्षणांत आहे. समोरच्या राक्षसाशी झुंजावे की सोबत्याला सोडवावे, हे तेवढ्यात ठरवावे लागते.

निसर्गात याचे प्रतिरूप आहे. ऑफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी मुंगळ्याच्या शरीरात शिरते. थायलंडच्या अरण्यात असे ग्रासलेले मुंगळे झाडावरील वारूळ सोडून खाली येतात, जमिनीपासून सुमारे २५ सेंटिमीटर उंचीवर पानाच्या खालच्या बाजूची शीर जबड्यात घट्ट धरतात आणि तेथेच मरतात. मग डोक्यामागून बुरशीचा देठ फुटतो व बीजाणू खाली झडतात. जर्मनीत मेसेल येथे सापडलेल्या ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या अश्मीभूत पानावरही अशाच चाव्याच्या खुणा आहेत.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंगळा चालतो तो जिवंतपणी. मेल्यावर तो हलत नाही. शिवाय २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बुरशीच्या पेशी मुंगळ्याच्या सर्व शरीरात, स्नायूंभोवती जाळे विणून बसलेल्या दिसल्या. मेंदूत मात्र त्या आढळल्या नाहीत.

कल्पनेतील किडा मेंदू गाठतो, निसर्गातील बुरशी हातपाय धरते. कथानक चालविणाऱ्याने हा दुसरा मार्ग पत्करला, तर राक्षस अधिक भयंकर होईल. ज्याचा हात मित्रावर उगारला आहे, त्याचे मन अजून त्याचेच असेल. वेताळाने निदान प्रेताचाच आश्रय घेतला होता. येथे तलवार उचलण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूला विचारावे लागेल, की मारावयाचे ते नेमके कोणाला?