गुरांचा मिथेन : उपाय गव्हाणीत

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. २०१६ च्या आकडेवारीनुसार भारताच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनात शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के होता आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग गुरांच्या पचनक्रियेतून आला होता.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव चारा आंबवतात. माणसाला न पचणारा कडबा गाईला पचतो, तो यामुळेच. या क्रियेत मिथेन तयार होतो आणि प्रचलित समजाच्या उलट तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. तो वातावरणात सुमारे १२ वर्षेच टिकतो. तरीही शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते २८ पट आहे. शिवाय चाऱ्यातील ऊर्जेचा काही अंश या वायूबरोबर वाया जातो, म्हणजे तोटा पशुपालकाचाही आहेच.

भारतातील बहुसंख्य जनावरे कडबा, भाताचा पेंढा अशा निकृष्ट वैरणीवर जगतात. दूध कमी आणि भाकड काळ मोठा, त्यामुळे दर लिटर दुधामागे मिथेनचे प्रमाण वाढते. जनावरे कमी करा, हा सल्ला देणे सोपे आहे. परंतु एक-दोन म्हशींच्या दुधावर घरखर्च चालवणाऱ्या कुटुंबाला तो परवडणारा नाही. ग्लासगो येथे २०२१ मध्ये जाहीर झालेल्या जागतिक मिथेन संकल्पात भारत सहभागी झाला नाही. तुलनेने संपन्न न्यूझीलंडमध्येही २००३ साली गुरांच्या उत्सर्जनावर कर बसवण्याचा प्रस्ताव शेतकऱ्यांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला होता.

अधिक व्यवहार्य मार्ग गव्हाणीतून जातो. संतुलित आहारामुळे दूध वाढते आणि दर लिटरमागील मिथेन घटतो, असे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या आहार संतुलन कार्यक्रमात आढळले. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बेंगळुरू येथील संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले असून त्यामुळे मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो, असे संस्थेचे म्हणणे आहे.

शेण-मूत्राचा प्रश्न निराळा आहे. त्यातून सुटणारा अमोनिया वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरातील वायूंशी संयोग पावून हवेत सूक्ष्म कण तयार करतो. शेणापासून मिळणारा मिथेन मात्र गोबरगॅस संयंत्रात साठवून चुलीसाठी वापरता येतो आणि उरलेला राडा खत म्हणून शेतात जातो. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. एकच म्हैस असलेल्या घराला हे जमणार नाही. तेथे सामूहिक संयंत्राचाच विचार करावा लागतो.