एक दिवस बागेचा, घरच्या बाईच्या सुट्टीचा

सहलीचे नाव काढले की आपल्या कष्टकरी घरांत दोन प्रश्न हटकून निघतात. पैसे कोठून आणायचे? आणि एक दिवसाची मजुरी बुडवायची कशाला? हे प्रश्न खोटे नाहीत. सोयाबीन सोंगायला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचा दिवस बुडाला की त्या दिवसाचा रोज बुडतो. तरीही वर्षातून एक दिवस सहकुटुंब बाहेर पडावे, एखादी चांगली बाग पाहावी, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. त्याची कारणे या लेखात मांडत आहोत.

सुट्टी ही श्रीमंतांची चैन नव्हे. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत कारखान्यातील कामगारांना १९४५ साली पगारी रजेचा आणि १९४६ साली आठवड्याला ४८ तास कामाचा कायदा मिळाला. परंतु शेतमजुराला आणि घरच्या बाईला अशी सुट्टी अजून कोणी दिलेली नाही. ती आपली आपणच ठरवावी लागते.

आराम म्हणजे बाग

बागेचे आणि आपल्या धम्माचे नाते फार जुने आहे. सिद्धार्थाचा जन्म लुंबिनीच्या शालवनात झाला. राजा बिंबिसाराने राजगृहाचे वेळुवन भिक्खुसंघाला दिले. ते नगरापासून फार दूर नव्हते आणि फार जवळही नव्हते. लोकांना जाता-येता यावे आणि तरी शांतता राहावी, अशी ती जागा होती.

श्रावस्तीच्या जेतवनाची कथा तर घराघरांत सांगावी अशी आहे. बाग राजपुत्र जेताच्या खाजगी मालकीची. सुदत्त, म्हणजे अनाथपिंडिक, ती मागायला गेला. जमीन सोन्याच्या नाण्यांनी झाकलीस तरी देणार नाही, असे जेत म्हणाला. सुदत्ताने खरोखरच गाड्या भरून नाणी आणली आणि अंथरायला सुरुवात केली. शेवटी दाराजवळचा थोडा तुकडा उरला, तो जेताने आपल्याकडून दान दिला. भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर हा प्रसंग दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकारांनी कोरून ठेवला आहे. बैलगाडी, नाणी अंथरणारी माणसे, झाडे असे सारे त्यात दिसते. वैशालीच्या आम्रपालीनेही आपली आमराई संघाला दिली. एका गणिकेचे दान तथागतांनी राजाच्या दानाइतक्याच मानाने स्वीकारले.

पाली भाषेत अशा बागेला ‘आराम’ म्हणतात आणि भिक्खूंच्या वास्तव्याच्या जागेला ‘संघाराम’. आपल्या बोलीतला विश्रांतीचा ‘आराम’ फारसीतून आला आहे. पण दोन शब्द एकाच रूपात आपल्या तोंडी भेटावेत, ही गोष्ट मोठी गोड आहे.

‘सर्वांना खुली’ याचा अर्थ

आज बागेच्या फाटकातून आपण सहज आत जातो. आपल्या आजोबा-पणजोबांना गावातल्या पाणवठ्याचीही मोकळीक नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न एकट्या पाण्याचा नव्हता. जे सर्वांसाठी आहे त्यात आपण येतो की नाही, हा तो प्रश्न होता.

त्याचे उत्तर संविधानाच्या कलम १५(२) मध्ये आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे येथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडविता येत नाही. सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी वाहिलेल्या जागांनाही हे कलम लागू आहे. म्हणजे बाग एखाद्या संस्थेची वा खाजगी मालकाची असली तरी ती एकदा जनतेला खुली केली की जात पाहून दार लावता येत नाही. मालकाने तिकीट ठेवावे, वेळ ठरवावी, नियम करावेत, पण ते सर्वांना सारखे हवेत. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने असा मज्जाव हा गुन्हा ठरविला. त्याच कायद्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. मुलांना बागेत नेताना हे दोन वाक्यांत जरूर सांगावे.

शेलूबाजारहून कामठीला

आमच्या शेलूबाजारच्या चार घरांनी गेल्या हिवाळ्यात कामठीचे ड्रॅगन पॅलेस पाहिले. आषाढी पौर्णिमेपासून दर रविवारी वंदनेनंतर प्रत्येक घराने दीडशे रुपये डब्यात टाकले. सोयाबीन घरी आले होते आणि तूर अजून शेतात उभी होती, तेव्हाचा एक दिवस निवडला. पूर्वी नागपूर म्हणजे कारंजामार्गे एस.टी.चा लांबचा पल्ला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून शेलूबाजारहूनच चढता येते. मात्र या रस्त्यावर दुचाकी आणि ऑटो चालत नाहीत, तेव्हा चार घरांनी मिळून गाडी केलेली परवडते.

जाण्याआधी बैठकीत एक ठराव झाला. सहलीच्या दिवशी बायका चुलीजवळ जाणार नाहीत. एरवी घरधनीण पहाटे तीनला उठून पोळ्या लाटते, दिवसभर वाढते आणि रात्री येऊन भांडी घासते. मग सहल कोणाची झाली? या वेळी बेसन, भाकरी आणि ठेच्याची शिदोरी पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी बांधली. भाकरी जाड झाल्या, काही मोडल्या. तरी एकही उरली नाही.

ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार १९९९ साली उघडले. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून आणि सुलेखाताई कुंभारे यांच्या पुढाकाराने ओगावा सोसायटीने ते उभारले. सुलेखाताई या विडी कामगारांचे नेते दादासाहेब कुंभारे यांच्या कन्या. ज्या कामठीत आपल्या आया-बहिणींनी विड्या वळल्या, तेथे आज ही पांढरी वास्तू आणि भोवतीची हिरवी बाग आहे. आत चंदनाच्या लाकडात घडविलेली तथागतांची मूर्ती आहे. आवारातील विपश्यना केंद्राचे उद्घाटन २०१७ साली राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले.

वंदना झाल्यावर सारे बागेत आले. आमच्यातली सर्वांत वडील आजी बाकाजवळ उभीच राहिली. “इथं बसू देतीन का आपल्याले?” तिने हळूच विचारले. सातवीतली नात म्हणाली, “आजी, हे आपलंच हाय. बस नं.” आजी बसली आणि पुढचा तासभर तेथून उठली नाही. बायकांनीही गप्पा मारल्या, पाय पसरले. कोणी हाक मारून पाणी मागितले नाही.

बागेतले शील

पंचशील विहारापुरते नसते, हे बागेत चांगले शिकविता येते. झाडावरचे फूल कोणी दिलेले नाही, म्हणून ते तोडायचे नाही. हे दुसरे शील. मुंगळा, फुलपाखरू यांना छळायचे नाही. हे पहिले. गाडीत बाटली ठेवून सहल करणाऱ्या पुरुषांनी पाचवे शील आठवावे, कारण त्या बाटलीने बायकामुलांचा दिवस नासतो. चपला ओळीत ठेवाव्यात, विहारात फोन बंद करावेत, शिदोरी नेमून दिलेल्या जागीच सोडावी आणि उष्टे-खरकटे पिशवीत परत आणावे. निघण्यापूर्वी उघडण्याची वेळ विचारून घ्यावी. १४ ऑक्टोबर आणि अशोक विजयादशमीच्या सुमारास नागपुरात लाखोंचा जनसागर असतो. त्या दिवसांत दीक्षाभूमीला वंदन करावे, बाग निवांत पाहायची तर दुसरा दिवस घ्यावा.

आपल्या विहाराभोवती

कामठी सर्वांना दरवर्षी जमणार नाही. पण गावोगावच्या विहारांभोवती थोडी तरी जागा असते. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया केल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्या, असे त्याचे शिलालेख सांगतात. आपण निदान एक पिंपळ, दोन कडुनिंब, चार फुलझाडे आणि एक बाक एवढे करू शकतो. उन्हाळ्यात पाणी कोणी घालायचे याची पाळी घरोघर लावावी आणि त्या पाळीत मुलांइतकीच बापांचीही नावे असावीत. संध्याकाळी कामावरून आलेल्या बाईला घटकाभर बसायला जागा झाली, तर तो आपल्या गावचा आरामच होय.

येत्या आषाढी पौर्णिमेला डबा मांडा. जयभीम!