नाव ठाऊक, पण पत्ता कोण सांगणार?

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत नुसते आडनाव सांगून घर सापडत नाही. मरोदा सेक्टरमध्ये कुणाकडे जायचे असेल, तर सडक आणि क्वार्टरचा नंबर हवाच. इंटरनेटचेही तसेच. संगणक ओळखतात ते आकडे. नावे आपल्या सोयीसाठी. नाव ऐकून आकडा सांगणारा मध्यस्थ म्हणजे नेम सर्व्हर. ही पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली.

हा मध्यस्थ गप्प बसला की घरात धांदल उडते. मुलीच्या प्रवेश-अर्जाची शेवटची तारीख, वायफायचे चिन्ह ठीक, आणि लिनक्सच्या पडद्यावर 'सर्व्हर सापडला नाही'! अशा वेळी सगळे लिनक्स पुसून पुन्हा टाकायला बसू नये.

आधी टर्मिनल उघडून ८.८.८.८ या आकड्याला 'पिंग' करा. (आकडे अर्थात इंग्रजीतच टंकावेत.) हा गूगलने २००९ पासून सर्वांसाठी खुला ठेवलेला नेम सर्व्हर. उत्तर आले, तर लाइन शाबूत आहे, दुखणे नावांचे आहे. उत्तर नाही, तर आधी केबल आणि राउटर पाहा. त्याच वायफायवर मोबाइलही अडत असेल, तर बहुधा संगणक निर्दोष असतो.

मग 'ईटीसी' फोल्डरमधील 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही फाइल वाचा. 'नेमसर्व्हर' शब्दापुढे ज्याला विचारायचे त्याचा आकडा असतो. अशा ओळी कितीही लिहा, सहसा पहिल्या तीनच जमेस धरल्या जातात आणि त्याही क्रमाने. पहिला सर्व्हर मुका असेल, तर संगणक साधारण पाच सेकंद वाट पाहून दुसऱ्याकडे जातो. म्हणून प्रत्येक पान रेंगाळून का होईना, उघडत असेल, तर पहिल्या ओळीवर संशय घ्यावा.

इथे पुष्कळजण फसतात. फाइल दुरुस्त करतात, काम भागते, आणि संगणक पुन्हा सुरू केला की जुनेच दुखणे! कारण आजच्या बहुतेक लिनक्समध्ये ही फाइल यंत्रणाच लिहिते. तिथे १२७.०.०.५३ दिसले, तर तो संगणकातलाच निरोप्या समजा. बदल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये करावा, म्हणजे टिकतो. एखादेच नाव चुकत असेल, तर 'होस्ट्स' फाइलमध्ये जुनी नोंद राहिली आहे का, तेही पाहावे.

कुणीही सुचवलेला आकडा मात्र तिथे घालू नका. डीएनएस-चेंजर नावाच्या विषाणूने शंभरावर देशांतील सुमारे ४० लाख संगणकांचे नेम सर्व्हर परस्पर बदलले होते; लोक खरे नाव टंकत आणि भलत्याच पानावर पोहोचत. अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी नोव्हेंबर २०११ मध्ये उघडकीस आणली.

आणि कधी कधी घरात करण्यासारखे काहीच नसते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे स्वतःचेच नेम सर्व्हर जगाच्या आवाक्याबाहेर गेले. व्हॉट्सअ‍ॅपसकट सारे सुमारे सहा तास ठप्प होते. त्या रात्री राउटर कितीदा बंद-चालू केला, तरी फरक पडणार नव्हता.