ससेपालन : जाळी मुंगसाला बघून घ्या

ससेपालनाच्या हिशोबात आपण माद्या, खाद्य, शेड सगळं धरतो. जाळी मात्र दुकानात असेल ती उचलतो. नुकसान तिथेच होतं.

वालावलसारखं गाव घ्या. कर्ली नदीचा काठ, माडांच्या बागा, मागे झाडी. परसात दिवसा मुंगूस आणि मोकाट कुत्रे, रात्री कोल्हा, रानमांजर, कधी आर, म्हणजे अजगर. कोंबड्यांची षटकोनी जाळी सशाला आत ठेवते, एवढंच. कुत्रा ती दातांनी फाडतो, मुंगूस मोठ्या भोकातून सरळ आत शिरतं. म्हणून अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डमेश घ्या आणि नुसते खिळे न मारता लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळा.

पिंजऱ्याची खालची बाजू बरेच जण विसरतात. ससा जाळीवर बसतो आणि खालून त्याचा पाय धरला जातो! पिंजरा तीन फूट उंच ठेवा, शिवाय शेडला चारी बाजूंनी जाळी हवीच. कुंपणाची जाळी पायथ्याशी वळवून बाहेरच्या बाजूला दोन फूट आडवी पसरा, वर माती आणि चिरे टाका. उकरणारं जनावर कुंपणाला चिकटूनच उकरतं. तिथे त्याच्या नखांना जाळी लागते.

जाळी टिकली तरी धोका संपत नाही. रात्रभर कुत्रे भोवती फिरले तर ससा नुसत्या भीतीने मरू शकतो, व्यायलेली मादी पिल्लं तुडवते. संध्याकाळी गोणपाटाचे पडदे सोडा. सांडलेलं खाद्य झाडून घ्या, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप.

आता हिशोब. एक चांगली मादी गेली तर नवीन पिल्लू वाढवून भरवायला पाच-सहा महिने, गाभणकाळ साधारण 31 दिवस, पिल्लं विक्रीला यायला आणखी तीनेक महिने. म्हणजे त्या एका पिंजऱ्यातून नऊ-दहा महिने उत्पन्न नाही. जाळीतला फरक या आकड्याशी ताडून बघा.

फासे, विष यांच्या नादाला लागू नका. अजगर आणि बिबट्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शेडमध्ये अजगर दिसला तर वनखात्याला फोन करा.

आणि हो, दमट हवेत जाळी गंजते. मिरगाआधी एकदा आणि दिवाळीत एकदा प्रत्येक सांधा हाताने ओढून बघा.