आधी वरचं बूच, मग खालचं!

सिग्नलला ट्रकच्या मागे थांबलात की त्याच्या मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक फुगीर गोळा दिसतो. हौशी ड्रायव्हर तो रंगवतात, त्याला काळा गोंडाही बांधतात. तोच डिफरन्शियल. बोलेरो, स्कॉर्पिओ, ईको, जुनी जीप अशा ज्या गाड्यांत मागच्या चाकांना ताकद जाते, त्या सगळ्यांना तो असतो; फक्त नजरेआड असतो. इंजिन ऑइल कधी बदललं हे गाडीमालकाला तोंडपाठ असतं. या गोळ्यातलं तेल कधी बदललं असं विचारलं, की बहुतेक जण विचारात पडतात. खरं तर घरी करण्यासारखं हे उत्तम काम आहे. दोन बुचं, थोडं तेल आणि एक निवांत दुपार पुरते. गाडं अडतं ते जाम झालेल्या बोल्टपाशी. म्हणून आज डिफरन्शियल आणि बोल्ट या दोन्हींच्या गमती एकत्र.

(पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत, म्हणजे स्विफ्टसारख्या गाड्यांत, डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतो. त्यांना वेगळं तेल लागत नाही. विजेवरच्या गाडीत इंजिन नसलं तरी बहुधा डिफरन्शियल असतो.)

वळण कुठलंही घ्या, फरक तेवढाच

वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती जास्त? समजा, दोन चाकांतलं अंतर दीड मीटर आहे. गाडीने एक पूर्ण गोल चक्कर मारली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त धावतं. चौकातल्या छोट्या सर्कलला फेरी मारा, नाहीतर भल्या मोठ्या मैदानाला, फरक ९.४ मीटरच. वर्तुळाची त्रिज्या या हिशेबात येतच नाही! घाटातलं इंग्रजी ‘यू’सारखं वळण म्हणजे अर्धं वर्तुळ, तिथे ४.७ मीटर. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जखडली असती, तर एवढं अंतर टायर रस्त्यावर घासून भरून काढावं लागलं असतं. दर वळणाला, आयुष्यभर. डिफरन्शियल दोन्ही चाकांना ताकद देतानाच वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, म्हणून हे टळतं.

बैलगाडीला ही अडचण कधी आलीच नाही. तिथे आस स्थिर आणि प्रत्येक चाक आसावर आपापलं मोकळं फिरतं. रेल्वेची दोन चाकं मात्र एकाच दांड्याला घट्ट असतात, तरी तिला डिफरन्शियल नाही. तिची चाकं किंचित उतरती घडवलेली असतात. वळणावर बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर चढतं आणि जास्त अंतर कापतं. शर्यतीच्या गो-कार्टलाही डिफरन्शियल नसतो. वळताना तिचं मागचं आतलं चाक चक्क जमिनीवरून उचललं जातं. आपल्या रिक्षाला मात्र असतो!

घड्याळजी आणि सायकलवाला

मोटारगाडी जन्माला यायच्या आधीच डिफरन्शियल तयार होता. पॅरिसमधल्या ओनेझिफोर पेकर या घड्याळजीने १८२७-२८ मध्ये तो वाफेच्या गाडीसाठी काढला. पुढे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये तो पायडलच्या गाडीला बसवला. बापलेक शेजारी शेजारी बसून पायडल मारत होते, एकाचा जोर जास्त पडला की गाडी भरकटायची, त्यातून त्यांना ही युक्ती सुचली, असं सांगतात.

आतली यंत्रणा समजून घ्यायची असेल तर १९३७ सालची ‘अराउंड द कॉर्नर’ ही शेवरोलेची छोटी फिल्म जरूर बघा. इतकं सोपं स्पष्टीकरण मी नंतर कुठेही पाहिलेलं नाही. घरी दाखवायचं असेल तर दोन्ही मागची चाकं भक्कम स्टँडवर उचला, इंजिन बंद ठेवा, गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि एक चाक पुढे फिरवा. दुसरं आपोआप उलटं फिरतं. पोरं हरखून जातात.

४३ दात विरुद्ध ८ दात

डिफरन्शियलच्या गोळ्यात इंजिनाकडून ताकद आणणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन आणि तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर म्हणजे क्राऊन; या जोडीत एक सुंदर हिशेब दडलेला असतो. जुन्या सिव्हिलियन विलीज जीपमध्ये क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, गुणोत्तर ५.३८. सरळ ४० आणि ८ का नाही? कारण मग पिनियनचा एक दात जन्मभर क्राऊनच्या त्याच पाच दातांना भिडला असता. एक दात खराब निघाला तर त्याने त्याच पाचांची वाट लावली असती. ४३ आणि ८ यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. तीच दोन दातांची जोडी पुन्हा भेटायला चाकाच्या ८ फेऱ्या लागतात. म्हणजे गाडी साधारण १८ मीटर पुढे गेलेली असते.

तेलाला एवढा वास का?

डिफरन्शियलचं बूच उघडलं की सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा भपकारा येतो, आणि हाताला लागला की साबणाने दोनदा धुऊनही जात नाही. तो गंधकाचा प्रताप. आणि गंधक लागतो तो एका जुन्या बदलामुळे. १९२७ च्या मॉडेलमध्ये पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने हायपॉइड गिअर आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर न भिडता बराच खाली भिडतो. त्यामुळे ताकद मागे नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, खाली गेला, गाडीची बैठक खाली आली, गिअरचा आवाज कमी झाला. पण दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, दाबाखाली घसरतातही. साधं तेल तिथे टिकत नाही, चिरडलं जातं. म्हणून गंधक-फॉस्फरसयुक्त तेल. दातांच्या टोकाशी उष्णता वाढली की हे घटक पोलादाशी संयोग पावतात आणि एक संरक्षक थर तयार करतात. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं असतं ते हेच तेल.

पण सगळीकडे जीएल-५ ओतू नका. काही गिअरबॉक्समध्ये पितळ-ब्राँझच्या सिंक्रो रिंगा असतात आणि जीएल-५ मधला गंधक त्या पिवळ्या धातूंना खाऊ शकतो. गाडीच्या माहितीपुस्तकात जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४ च.

नंबरांनीही खूप जण फसतात. ९० नंबरचं गिअर ऑइल म्हणजे ४० नंबरच्या इंजिन ऑइलच्या दुपटीहून दाट, असं वाटतं ना? दोन्ही मापं वेगळी आहेत. १०० अंश सेल्सियसला मोजलं तर ९० चं गिअर ऑइल इंजिनच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलाइतकंच दाट भरतं.

नियम एकच, पण सोन्याचा

डिफरन्शियलला दोन बुचं असतात. खालचं तेल काढायचं, वरचं भरायचं. आधी वरचं सोडवून पाहायचं, मग खालचं. उलटं केलंत, खालून सगळं तेल काढलंत आणि वरचं जाम निघालं, तर गाडी दारात उभी आणि डिफरन्शियल कोरडा. मेकॅनिककडे नेताही येत नाही. या एका नियमाने जितकी फजिती टळते तितकी कुठल्याही महागड्या हत्याराने टळत नाही.

काम करायच्या आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा. कोमट तेल धावत बाहेर येतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही शिरायचं नाही. स्टँड हवेतच, आणि गाडी समतळ हवी, नाहीतर पातळी खोटी दिसते.

आता खालचं बूच हातात घ्या आणि उजेडात धरा. बऱ्याच गाड्यांत त्याच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ, ग्रीससारखा लेप दिसेल. बोटांत चोळलात तर रवाळ लागत नाही, नुसती चंदेरी झाक उरते. ही नेहमीची झीज, काळजी नको. पण लेपात टोचणारी कपची सापडली, दाताचा तुकडा किंवा बेअरिंगची खपली दिसली, तर नवं तेल भरून उपयोग नाही. हौसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, उघडून बघावं लागेल. चुंबक पुसा, शक्य असेल तर वॉशर नवा टाका, बूच बसवा. मग वरच्या भोकातून तेल भरा, ते भोकाच्या खालच्या काठापर्यंत येऊन ओघळायला लागेपर्यंत. करंगळी आत घालून वाकवली की टोकाला तेल लागलं पाहिजे. लिमिटेड स्लिप प्रकारचा डिफरन्शियल असेल तर त्याचं तेल वेगळं, ते पुस्तकात बघूनच घ्या.

बोल्ट जाम का होतो?

ही गोष्ट मला सगळ्यांत आवडते. पाना मारून आपण बोल्ट आवळतो तेव्हा आपला जवळजवळ ९० टक्के जोर घर्षणात जातो. साधारण ५० टक्के बोल्टच्या डोक्याखाली, ४० टक्के आट्यांमध्ये. बोल्ट ताणून पकड आणायला उरतात जेमतेम १० टक्के. म्हणजे सोडवतानाही निम्मी लढाई डोक्याखाली असते, आणि आपण मात्र सगळं तेल आट्यांवर मारतो! डोक्याच्या कडेलाही तेल मुरू द्या.

त्यात गंज आला की खेळच बदलतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगतो आणि पाचर ठोकावी तसा बोल्ट आवळतो.

उतारा ताकदीत नाही, क्रमात आहे. आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने घासा आणि गंज सोडवणारं तेल मारा. रात्री पुन्हा एकदा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, नेमके ठोके द्या. गंजाचे कण फुटतात आणि तेलाला वाट मिळते. मग षटकोनी गोटी (सॉकेट) लावा, बारा कोनांची नको. बारा कोनी गोटी कोपऱ्यांना धरते आणि डोकं गोल करते. षटकोनी बाजूंना धरते. आता किंचित आवळा. हो, आवळा! गंजाचा थर एका बाजूने तुटला की उलट फिरवणं सोपं होतं. पाव फेरी सोडा, थोडं परत आवळा, तेल मारा, पुन्हा सोडा. बोल्ट सुटतानाचा तो ‘टक्’ आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला त्यातलं सुख सांगायला नको.

दांड्याला तिप्पट लांब पाइप लावला तर तेवढ्याच हाताने तिप्पट जोर बसतो. पण तो बोल्टच्या मानेवरही तिप्पट बसतो, म्हणून झटका न देता संथपणे. शेवटचा उपाय उष्णता. १२ मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापवलं तर ते जेमतेम ०.०३ मिलिमीटर मोठं होतं, केसाच्या जाडीहून कमी; तरी गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. पण डिफरन्शियलच्या आसपास इंधनाची टाकी, ब्रेकचे पाइप, रबरी सील असतात. तिथे घरी ज्योत वापरू नये, हे माझं स्पष्ट मत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागाला तर मुळीच नाही. तापल्यावर त्यातून फॉस्जीन निघू शकतो, आणि पहिल्या महायुद्धात तो विषारी वायू म्हणून वापरला होता.

चिमूटभर आणखी

घरोघरी पोचलेलं डब्ल्यूडी-४० मुळात बोल्ट सोडवायला बनलंच नव्हतं. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला ते पाणी हटवून गंज रोखायला बनवलं आणि ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्यासाठी वापरलं. चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून नावात ४०. हट्टी बोल्टसाठी खास मुरणारी तेलं वेगळी मिळतात, ती जास्त कामाची.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं दिसतं ते ताकदीचं माप. पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटेल, पुढचा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांना कायमचा ताणला जाईल. १०.९ त्याहून दणकट.

जुन्या जीपचे नट-बोल्ट इंची. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे १९ चा पाना छान बसतो. अर्धा इंच म्हणजे १२.७, तिथे १३ चा पाना लावलात की डोकं गोल झालंच.

सगळे आटे घड्याळाच्या दिशेनेच आवळत नाहीत. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे. युद्धकाळातल्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नटही उलटे.

अंतराळातला जाम बोल्ट

३० ऑगस्ट २०१२. भारतीय वंशाच्या सुनीता विल्यम्स आणि जपानचे अकिहिको होशिडे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर एक वीज-यंत्र बसवत होते. बोल्ट बसेना. आठ तासांहून जास्त झटून शेवटी यंत्र दोरीने बांधून आत यावं लागलं. मग स्थानकावरच्या वस्तूंतून हत्यारं जुळवली, त्यात एक दात घासायचा ब्रश आणि सुट्या केबलच्या तारेपासून केलेला ब्रश. ५ सप्टेंबरला आटे साफ केले, वंगण लावलं आणि बोल्ट बसला. साफ करा, वंगण लावा, मग जोर द्या: पृथ्वीवरचाच क्रम.

बेन्नू या लघुग्रहावरून माती आणणारी डबी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पृथ्वीवर उतरली. तिच्या ३५ बोल्टांपैकी दोन सुटेनात. नासाने त्यांच्यासाठी नवी हत्यारं घडवली आणि जानेवारी २०२४ मध्ये ते सोडवले. दोन बोल्टांसाठी महिने लागतात तिथे आपण एक रात्र थांबायला काय हरकत आहे?

कोकणातल्यांनी हे नक्की वाचा

लांबचा प्रवास करून गाडी आली की डिफरन्शियल चांगला तापलेला असतो. तशीच ती ओढ्याच्या किंवा पुराच्या थंड पाण्यात घातली, की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून किंवा श्वासनळीतून पाणी आत ओढून घेते. हो, डिफरन्शियलला श्वासनळी असते. हौसिंगच्या वर एक छोटी टोपी. ती चिखलाने बुजली तर उलटा त्रास होतो. तापलेली हवा बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि चाकापाशी सीलमधून तेल गळायला लागतं. नवा सील टाकूनही गळती थांबली नाही, तर आधी ही टोपी साफ करा. डोंगरदऱ्यांत गाडी नेणारे तिथे रबरी नळी जोडून तिचं तोंड उंच बांधतात. नदीनाल्यांच्या भागात हा उपाय सगळ्यांनीच करावा असा आहे.

यंदा पाण्यातून गाडी काढावी लागली असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात तेल बघा, दुधाळ दिसलं तर लगेच बदला. काढलेलं तेल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात, परसात किंवा विहिरीजवळ एक थेंबही ओतू नका.